खान्देशात होलिस्टिक थेरपिस्ट व्हायचंय? मग सुरुवात अशी करा

कापूस वेचणीचे दिवस होते. पारोळ्याकडच्या एक मावशी कंबर धरून माझ्याकडे आल्या. "पाठ भलती दुखस व माय," एवढंच बोलल्या आणि चपला काढून थेट टेबलाकडे निघाल्या. तेल लागेल, पाठ रगडली जाईल, मोकळं होऊन घरी जाऊ, असा त्यांचा हिशेब. मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, मावशी, वेचताना ओटी कशी बांधता ते आधी दाखवा. माझ्याकडचीच एक चादर कमरेला बांधून त्यांनी वाकून दाखवलं. ओटी पोटापुढे लोंबत होती. ती गच्च भरल्याशिवाय रिकामी करायची नाही, कारण गठुडं ठेवलेलं पार बांधावर. "घडी घडी कोन जाई? किलोवर पैसा शे."

त्या दिवशी मी पाऊण तास त्यांच्या पाठीवर काम केलं. आराम पडला, पण टिकला तो दुसऱ्याच गोष्टींनी. गठुडं बांधावरून वावराच्या मधोमध आणायचं, ओटी निम्मी झाली की ओतायची आणि ओतून झाल्यावर दोन्ही हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा हळूच मागे वाकायचं, एवढं आम्ही ठरवलं. माझ्या तेलाइतक्याच या तीन गोष्टीही उपचारच होत्या.

होलिस्टिक, म्हणजे समग्र उपचार, या शब्दाचा मला समजलेला अर्थ हा आहे. दुखणाऱ्या जागेबरोबर माणसाचा अख्खा दिवस बघायचा. तो झोपतो किती, उचलतो काय, खातो कधी, घरात कशाची चिंता आहे, हे विचारायचं. नवीन मुलं-मुली मात्र पहिल्याच महिन्यात फलक रंगवून घेतात आणि त्यावर योग, रेकी, ॲक्युप्रेशर, कपिंग, अरोमा, चुंबक अशी दहा नावं लिहितात. त्यांतली एकही विद्या धड आलेली नसते. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात ज्यांना हे काम सुरू करायचंय, त्यांच्यासाठी माझ्या कामातून जमा झालेलं इथे सांगते.

आधी एकच विद्या, पण पक्की

सुरुवातीला एकच वाट निवडा. ज्यांच्याकडे वेळ आहे आणि बारावी विज्ञान झालंय, त्यांच्यासाठी निसर्गोपचार आणि योगाची बीएनवायएस ही साडेपाच वर्षांची पदवी आहे. रोगाचं निदान आणि उपचार करण्याचं मोठं काम हवं असेल तर या किंवा आयुर्वेदाच्या बीएएमएससारख्या पूर्ण पदवीला पर्याय नाही. पण बहुतेक जण माझ्याकडे विचारायला येतात ते तिशी ओलांडल्यावर. कुणाचं ब्यूटी पार्लर असतं, कुणी योगवर्ग घेत असतं, कुणी दवाखान्यात मदतनीस असतं. त्यांच्यासाठी दोन वाटा बऱ्या.

एक योगाची. केंद्रीय आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाच्या परीक्षा असतात. त्यांत शिकवणाऱ्यांची वेगळी शिडी आहे आणि योगोपचार करणाऱ्यांची वेगळी. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिकही होतं. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात योगाचा विभाग आहे, आणि मुक्त विद्यापीठाचा योगशिक्षक अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतो. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत जाऊन राहून शिकता आलं तर उत्तमच.

दुसरी वाट हाताच्या कामाची, म्हणजे मालिश, शेक, मातीपट्टी, कटिस्नान (टबात कमरेपर्यंत पाण्यात बसणं), वाफ. पुण्यात बापू भवनात केंद्र सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. गांधीजी जिथे राहून उपचार घेत, तीच ही जागा. तिथे उपचार साहाय्यकांनाही शिकवतात. पुण्याजवळच्या उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आजही चालू आहे. शिकायचं नसलं तरी आधी तिथे रुग्ण म्हणून आठ दिवस राहून या, असं मी आग्रहानं सांगते. स्वतःच्या अंगावर मातीपट्टी ठेवून घेतल्याशिवाय ती दुसऱ्याच्या पोटावर किती गार लागते, हे कळत नाही.

दोन दिवसांच्या शिबिरात "मास्टर" करून सोडणाऱ्यांपासून लांब राहा. अशाच एका शिबिरात मी सुरुवातीला पैसे घालवले होते. जाड कागदाचं, सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळालं, पण एकाही माणसाच्या अंगाला हात लावून घेतला नव्हता. त्यामुळे वर्गात पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: शिकताना प्रत्यक्ष माणसांवर किती तास काम करायला मिळेल आणि तेव्हा शेजारी कोण उभं असेल?

वर्ग संपला म्हणजे शिकणं संपलं, असंही नाही. दुकान मांडण्याआधी शंभर मालिश फुकट किंवा नाममात्र पैशांत करा. नणंद, शेजारीण, मामा, मित्राचे वडील, जो तयार होईल त्याच्यावर. पंचविसाव्याला हात सैल पडतो, साठाव्याला बोटांना गाठी समजायला लागतात. टेबल करून घेताना एक काळजी घ्या. ताठ उभं राहून हात खाली सोडल्यावर मुठीची बोटं जिथे टेकतात, तेवढीच त्याची उंची हवी. टेबल उंच झालं की सगळा भार अंगठ्यांवर येतो. या कामात अंगठे गेले म्हणजे कामच गेलं. वजन कोपरातून आणि मनगटाच्या खालच्या भागातून द्यायला पहिल्या दिवसापासून शिका.

कायद्याची रेघ

हा भाग थोडक्यात सांगते, पण दोनदा वाचा.

नावामागे "डॉ." लावायचं नाही. महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्यानुसार नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणं गुन्हा आहे. आपण निदान करत नाही, औषध लिहून देत नाही, चालू औषध बंद करायला सांगत नाही. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. "तुमच्या मालिशनं बीपी उतरलं, गोळी सोडू का?" असं रुग्ण विचारणारच. उत्तर एकच: तुमच्या डॉक्टरांना विचारा. सुया टोचायच्या असतील तर ॲक्युपंक्चरसाठी राज्यात वेगळा कायदा आहे, त्याची नोंदणी लागते. फिजिओथेरपी ही वेगळी पदवी आहे. चार व्यायाम येतात म्हणून तो शब्द फलकावर लिहू नका.

जाहिरात जपून करा. १९५४ च्या औषधी व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात आजारांची यादीच दिलेली आहे. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा, अर्धांगवायू असे आजार बरे करण्याची जाहिरात करता येत नाही. "शुगर मुळापासून घालवा" असलं काही व्हॉट्सॲप स्टेटसला टाकलंत तरी ती जाहिरातच. साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र, गंडेदोरे करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. हे तुम्ही करणार नाहीच, पण सातपुड्याच्या कडेच्या गावांत कुणी करताना दिसलं, तर १०८ ला फोन लावणं आपलं काम आहे.

बाकी कागद सोपे. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना द्यायची. आपल्याकडे त्याला अजून गुमास्ताच म्हणतात. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते. वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर. गुमास्ता म्हणजे दुकान असल्याचा कागद. तो काचेत मढवून "सरकारमान्य उपचार केंद्र" लिहिणारे मी पाहिलेत. असं करू नका, ती लोकांची फसवणूक होते.

कुणाला हात लावायचा नाही

हे मला फार लवकर आणि फार वाईट रीतीनं शिकावं लागलं.

माझं पहिलं वर्ष होतं. एका काकूंचा उजवा पाय पोटरीपासून सुजलेला. लांबचा प्रवास करून आल्या होत्या. बसून बसून पाय भरला असेल म्हणून मी खालून वर चोळायला घेतला. पोटरी गरम लागत होती, दाबलं की त्या कळवळत होत्या, आणि डाव्या पायाला काहीच नव्हतं. पाच मिनिटांनी मला माझ्या शिक्षिकेचं वाक्य आठवलं: दोन्ही पाय सुजले तर विचार कर, एकच सुजला तर हात काढ. मी हात काढला आणि त्यांच्या मुलाला लगेच दवाखान्यात न्यायला सांगितलं. सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. चोळताना ती सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. ती पाच मिनिटं मी विसरलेली नाही. आता कुणालाही टेबलावर घेण्याआधी मी दोन्ही पोटऱ्या बघते, मग दुखणं मानेचं का असेना.

अशा आणखी गोष्टी. ताप असलेल्याला मालिश नाही. ताजं फ्रॅक्चर, नुकतंच झालेलं ऑपरेशन, अंगावर नागीण किंवा खरूज, उघडी जखम असेल तर नाही. गरोदर बाईला तिच्या डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय नाही. काचबिंदू किंवा वाढलेला रक्तदाब असणाऱ्याला शीर्षासन, सर्वांगासन नाही. मणक्याची गादी सरकलेली असेल आणि कळ पायात उतरत असेल तर पुढे वाकायची आसनं नाहीत. लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा बैठकीच्या जागेला बधिरपणा आला, तर एक दिवसही थांबायचं नाही, थेट हाडांच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवायचं.

मधुमेहाच्या माणसाचे पाय तर हातात घेऊन बघा. तळव्याला बधिरपणा असेल तर गरम पाण्याची पिशवी, गरम वाळूचा शेक, वाफ, काहीच द्यायचं नाही. त्याला चटका कळत नाही, तुम्हाला फोड दिसतो दुसऱ्या दिवशी, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

पन्नाशीतले एखादे आबा "डावा खांदा भरून आलाय, जरा दाबून दे" म्हणत आले, चेहऱ्यावर घाम आहे आणि जबड्यात किंवा छातीत जडपणा आहे, तर खांद्याला हातसुद्धा लावू नका. बसवा, १०८ बोलवा. एकदा मी असंच केलं तेव्हा ते आबा माझ्यावर चिडले होते. चिडले तरी चालेल.

नंदुरबार आणि चोपडा-यावलच्या सातपुड्याच्या बाजूला काम करणार असाल तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार समजून घ्या. तरुण पोरगा, सांधे आणि हाडं अचानक भयंकर दुखतात, डोळे पिवळसर, थंडीत किंवा पाणी कमी पडलं की दुखणं उठतं. हे अंगमेहनतीचं दुखणं नाही. रक्ताच्या तपासणीशिवाय ते कळत नाही. आपल्याकडच्या आदिवासी समाजांत हा आजार आहे, आणि २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियानही सुरू आहे. अशा मुलाला चोळत बसणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं. पाणी पाजून, पांघरुणात गुंडाळून ग्रामीण रुग्णालयात पाठवा.

यासाठी ओळखीचे तीन डॉक्टर हवेत: एक जनरल, एक हाडांचे, एक बायकांचे. त्यांना आधी जाऊन भेटा, आपण काय करतो आणि काय करत नाही ते सांगा. कमिशनची भाषा दोन्ही बाजूंनी नको.

पहिल्या भेटीत काय करायचं

पहिली भेट दीड तासाची धरा. त्यातला निम्मा वेळ बोलण्यात जाऊ द्या. आपल्याकडचा माणूस थेट दुखणं सांगत नाही. आधी पाऊस, मग केळीचा भाव, मग पोराचं लग्न, आणि त्याच्या मागे कुठेतरी झोप न लागणं असतं. जिभाऊंना (आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाला मानानं असं म्हणतात) बोलू द्या, घड्याळाकडे बघू नका. भाव पडल्याच्या वर्षी कितीतरी मानदुख्या माझ्याकडे आल्या, आणि त्या फक्त मानेच्या नव्हत्या. बोलताना माणूस रडला तर पाणी द्या, गप्प बसा. जगायची इच्छा राहिली नाही असं कानावर आलं तर मात्र सल्ले देत बसू नका. घरच्या जवळच्या माणसाला सोबत घ्या, मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिथेच लावून द्या.

त्याआधी कुठे कुठे जाऊन आले तेही विचारा. लचक भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेणं, हाडवैद्याकडून ओढून घेणं अजून चालतं. हसू नका, पण नेमकं काय केलं ते लिहून ठेवा. ओढताना काही मोडलंय अशी शंका आली तर आधी एक्स-रे.

हात लावण्याआधी प्रत्येक वेळी विचारा आणि कुठे लावणार ते सांगा. जेवढ्या भागावर काम आहे तेवढाच उघडा, बाकी चादरीखाली. बाई आली की बरोबर जाऊबाई किंवा सासू असतेच. तिला खोलीतच खुर्ची द्या, बाहेर घालवू नका. पुरुष थेरपिस्टनं बाईवर काम करायचं तर दुसरी बाई खोलीत हवी, त्याशिवाय नाही. लहान गावात नाव जायला एक दुपार पुरते.

आणि नोंदवही ठेवा. तारीख, तक्रार, चालू औषधं, काय केलं, पुढच्या वेळी काय फरक. दुखणं शून्य ते दहात किती, हे आधी आणि नंतर विचारून आकडा लिहा. कैवल्यधामाची स्थापना १९२४ मध्ये करणारे स्वामी कुवलयानंद त्याआधी आपल्या अमळनेरात शिकवत होते, हे फार जणांना माहीत नसतं. उड्डियान, नौली या पोटाच्या योगक्रियांत आत काय घडतं हे त्यांनी क्ष-किरणांखाली तपासलं. अनुभव येतोय म्हणून थांबले नाहीत, मोजून बघितलं. आपल्याकडे क्ष-किरण नाहीत, पण दोनशे पानी वही आहे. सहा महिन्यांनी ती चाळली की आपलं कुठलं काम चालतं आणि कुठलं नुसतं चाललंय असं वाटतं, ते स्वच्छ दिसतं. माझ्या वहीनं मला डोकेदुखीच्या एका आवडत्या पद्धतीतून बाहेर काढलं. मनात तिचा फार भरवसा होता, आकडे मात्र जागचे हलले नव्हते.

पैसा आणि जागा

पहिल्या वर्षी चालू नोकरी किंवा धंदा सोडू नका. गणित असं मांडा. समजा भाडं, वीज, तेल, चादरी धुणं, जाणं-येणं मिळून महिन्याला १२,००० रुपये खर्च आहे. एकट्यानं नीट काम करायचं तर दिवसाला चारच माणसं होतात. महिन्याला २४ दिवस धरले तर ९६. पहिल्या वर्षी त्यांतले निम्मे आले तरी खूप, म्हणजे ४८. म्हणजे प्रत्येक माणसामागे २५० रुपये नुसता खर्चच. ४०० रुपये घेतलेत तर तुमच्या हातात महिन्याला ७,२०० राहतात. हे आकडे तुमच्या गावाचे घालून बघा आणि मगच दर ठरवा. ओळखीखातर निम्मे पैसे घेण्यापेक्षा आठवड्यातली एक सकाळ रोजंदारीवाल्यांसाठी कमी दरात ठेवा. ते सगळ्यांना कळतं आणि पटतंही.

कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत तारणाशिवाय मिळतं. टेबल, बारा चादरी, वाफेचं भांडं, बीपीचं मशीन आणि एक चांगला कूलर त्यात बसतो. पाच लाखांचं "वेलनेस सेंटर" पहिल्या वर्षी कुणीही काढू नये.

खोली तळमजल्यावर घ्या. गुडघेदुखीची माणसं जिना चढून येणार नाहीत. उन्हाळा सगळ्यात अवघड. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ६ नंतर काम करा. भर उन्हाळ्यात वाफ बंद, तिळाच्या तेलाऐवजी खोबरेल, आणि टेबलावरून उठल्यावर आधी पाणी. दुपारच्या उन्हात कुणाला बोलावू नका. थंडीत मात्र तीळतेल कोमट करून वापरलं की माणसं स्वतःहून पुन्हा येतात.

माणसं येतात ती कानोकानी. केळी भरणारे मजूर, रेल्वेत उभ्यानं काम करणारे, शिक्षिका, कापूस वेचणाऱ्या बाया, यांतला एक गट निवडा आणि आधी त्यांच्याच कामाची दुखणी नीट समजून घ्या. रावेरकडे केळीचे घड खांद्यावरून गाडीपर्यंत नेणाऱ्यांची मान एकाच बाजूनं आखडते. त्यांना खांदा बदलायला आणि घडाखाली घ्यायची चुंबळ जाड करायला शिकवलंत, तर तीच टोळी पुढच्या आठवड्यात आणखी चौघांना घेऊन येते. बायकांसाठी आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, दिवस लक्षात ठेवा. सासरी ज्यांना स्वतःसाठी तासभर मिळत नाही, त्या तेव्हा माहेरी आलेल्या असतात आणि आईच त्यांना हाताला धरून आणते. श्रावणात कानबाई या देवीच्या उत्सवाच्या आठवड्यात मात्र कुणी फिरकत नाही. ते दिवस चादरी, तेल, नोंदवही यांची आवराआवर करायला ठेवा.

आणि प्रत्येक नव्या माणसाला तिसऱ्या दिवशी फोन करा. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकतं. तिसऱ्या दिवशी जे सांगतात ते खरं असतं, तेच वहीत लिहा.